मागच्या खोलीतला पळसदरीचा रस्ता

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी दुकान बंद केलं आणि मागच्या खोलीतली ट्रेडमिल पुसायला घेतली. संध्याकाळी नेरळहून टेंपो येणार होता. तिथल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंना ती देऊन टाकायचं आम्ही ठरवलं होतं. सात आठवडे ती नुसती उभी होती, आणि तिच्यावर टॉवेल, चादरी, औषधांची रिकामी खोकी असं एकेक साचायला लागलं होतं. एखाद्या वस्तूवर कपडे वाळत पडायला लागले की ती घरातून गेलेली बरी, असं माझं मत आहे. पट्ट्याच्या कडेची धूळ ओल्या फडक्यानं काढली, वायर गुंडाळली आणि मग बटणांवरचे सर्जिकल टेपचे तुकडे नखानं खरवडायला लागले. चालू करायच्या बटणावर एक तुकडा, चढ वाढवायच्या बटणावर दोन, कमी करायच्या बटणावर तीन. ते मीच चिकटवले होते, वन्संना बोटांनी कळावं म्हणून. शेवटची दोन-अडीच वर्षं त्यांना फारसं दिसत नव्हतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, विजया. गावात विजूताई. लग्न केलं नाही, खालापूरला पोस्टात काउंटरवर नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही आमच्याकडेच राहिल्या... म्हणजे खरं तर मीच त्यांच्याकडे राहायला आले होते, घर त्यांचंही होतं. आमचं औषधांचं दुकान आहे, त्यामागे एक खोली, वर घर. भाऊबीज झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. मी तेव्हा काउंटरवर होते. मागच्या खोलीतून त्यांच्या पावलांचा धप धप आवाज येत होता आणि तो एकदम थांबला. माझ्यासमोर एक आजोबा उभे होते. ‘सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, पाच दिवस, बरं वाटलं तरी मधे सोडायचं नाही,’ हे त्यांना पूर्ण सांगितलं, पाकिटावर लिहूनही दिलं आणि मग उठले. वन्सं भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. कुडत्याला अडकवलेली लाल दोरी ओढली गेल्यामुळे यंत्र बंद झालं होतं, ते त्याचं काम त्यानं केलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयच बंद पडलं, तुम्ही लगेच आला असता तरी काही झालं नसतं. मी रोज औषधं देते, त्यामुळे डॉक्टर कोणतं वाक्य खरं म्हणून बोलतात आणि कोणतं धीर द्यायला बोलतात ते मला कळतं. हे कोणतं होतं ते मात्र कळलं नाही. भेटायला आलेल्या अनेकांनी हळूच विचारलं, त्या मशीनमुळे झालं का? नाही. मशीनचा काही दोष नाही.

पळायला लागल्या तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीस होतं. खालापूरला जायची एसटी एके दिवशी त्यांच्यादेखत स्टँडवरून निघाली. या बाईंनी चपला हातात घेतल्या, निऱ्या खोचल्या आणि गाडीच्या मागे धावत पुढच्या थांब्यावर ती गाठली. ड्रायव्हर म्हणाला, ‘बाई, उद्यापासून तुम्ही पुढं पळा, आम्ही मागनं येतो.’ संध्याकाळी घरी आल्या तेव्हा मी भाजी निवडत होते. माझ्यासमोर बसून त्या म्हणाल्या, ‘अलका, मला दम लागला नाही गं.’ मी म्हटलं, ‘बरं झालं, नाहीतर इंजेक्शन द्यावं लागलं असतं.’ त्यांनी ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दाराची कडी वाजली. सलवार-कुडता, ओढणी कमरेला बांधलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. सासूबाई तेव्हा होत्या. त्या अंथरुणातून म्हणाल्या, ‘विजे, लोक विचारतील कोण मागं लागलंय म्हणून.’ वन्सं म्हणाल्या, ‘त्यांना सांग, मागं कोणी नाही, पुढं गेलंय ते धरायला चाललेय.’

त्यांचा रस्ता ठरलेला. आमच्या दारातून निघायचं, गाव संपलं की पळसदरीच्या रस्त्याला लागायचं. आधी रेल्वेच्या कडेकडेनं सपाट, मग ओढ्यावरचा पूल, मग चढ आणि चढ संपतो तिथे उजव्या हाताला जांभळीचं मोठं झाड. त्या झाडाला हात लावायचा आणि माघारी फिरायचं. हात लावल्याशिवाय फेरी पूर्ण झाली असं त्या धरत नसत. ताप असताना एकदा अर्ध्यातून परत आल्या, तर दोन दिवस घरात अशा वावरत होत्या की जणू पोस्टातलं टपाल वाटायचं राहिलंय. मी कधी त्यांच्याबरोबर गेले नाही. आठला दुकान उघडायचं असतं, त्याआधी घरातलं सगळं उरकायचं असतं. आणि खरं सांगायचं तर कारण नसताना पळणं हा प्रकार मला कधी पटला नाही.

तो चांगुणालाही पटला नव्हता. चांगुणा त्या चढावरच्या ठाकरवाडीतली. पहाटे मोळी डोक्यावर घेऊन ती बाजाराला खाली यायची आणि वन्सं वर जायच्या, अशी रोजची गाठ. पहिल्यांदा तिनं वन्संना रस्त्यातच अडवलं. ‘ताय, रान नाय, शेत नाय, गुरं सुटली नाय, मंग पळताव कशापायी?’ वन्सं म्हणाल्या, ‘अगं, तब्येतीसाठी.’ ‘तब्येतीला पळायचंच हाय तर ही मोळी न्या ना बाजारात. मी हितं बसते.’ वन्संनी खरोखर ती डोक्यावर घेतली. वीस पावलांवर मान आखडली आणि पुढचे चार दिवस माझ्याकडून मलम चोळून घेतलं. तेव्हापासून चांगुणा आमच्या घरची झाली. कंटोळी, शेवळं, करवंदं, जे काय रानात मिळेल ते आधी आमच्या दुकानाच्या पायरीवर यायचं, मग बाजारात.

असं वीसेक वर्षं चाललं. मग काचबिंदू निघाला. थेंब मीच घालत होते, वेळ कधी चुकली नाही, तरी नजर कडेनं कमी होत गेली. ‘नळीतून बघितल्यासारखं दिसतं,’ असं त्या म्हणायच्या. समोरचं दिसे, बाजूचं नाही, आणि खालचं तर अजिबात नाही. तरी जायच्या. म्हणायच्या, रस्ता पायाला पाठ आहे. पण पायाला पाठ असलेला रस्ता लोक खणून ठेवतात. पाण्याच्या पाइपासाठी काढलेल्या चरात त्या पडल्या, मनगट मोडलं. त्याच सुमारास फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या आणि खडीचे डंपर त्या रस्त्याला वाढले होते. मी नवऱ्याला सांगितलं, आता पुरे. पंधरा दिवसांत ट्रेडमिल आणून मागच्या खोलीत ठेवली. तोंड भिंतीकडे, कारण प्लग त्या बाजूला होता. पहाटे नाही, सकाळी आठनंतर, मी काउंटरवर असताना पळायचं. पडल्या तर आवाज यायला हवा. हे नियम माझे. त्यांनी एकदाच विचारलं, ‘आणि बाहेर?’ मी म्हटलं, ‘बाहेर आता नाही.’ त्या बरं म्हणाल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

ट्रेडमिलच्या बाजूनं बोलायचं तर माझ्याकडे पुष्कळ मुद्दे आहेत आणि ते मी अजूनही मागे घेत नाही. कुत्री नाहीत, डंपर नाहीत, खड्डे नाहीत. आमच्याकडे चार महिने जो पाऊस असतो त्यात शेवाळावरून घसरणं नाही. किती पळालो ते आकड्यात कळतं. वन्संनीही तक्रार अशी केली नाही. फक्त फरक सांगायच्या, भाजीवाल्याला वजनातली तफावत दाखवावी तशा. म्हणायच्या, ‘रस्त्यावर मी पळते गं, इथे पट्टा पळतो आणि मी त्याच्यावरून पडत नाही, एवढंच.’ म्हणायच्या, ‘रस्त्यावर थांबलं तर रस्ता पण थांबतो. हा थांबत नाही.’ पहिल्याच आठवड्यात त्यांनी आणखी एक गोष्ट शोधली. ‘या यंत्राला चढ आहे, पण उतार नाही. जाताना चढायचं आणि येताना नुसतं सपाट. मग मी वर चढलेली खाली येते कुठून?’ मी म्हटलं, ‘जिन्यानं.’ त्या हसल्या. त्यांना हसवणं सोपं होतं.

मग त्यांनी आपला जुना रस्ता त्या यंत्रावर घातला. एवढ्या मिनिटांनी गाव संपतं, एवढ्यांनी पूल येतो. चढ आला की दोन टेपांचं बटण चाचपून तीन वेळा दाबायच्या, माथ्यावर पोचल्या की तीन टेपांचं. आणि हे सगळं मोठ्यानं सांगत. मध्ये नुसता पडदा होता. दुकानात गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत असायचं आणि मागून आवाज यायचा, ‘अलका, पूल आला!’ नवीन माणूस दचकायचा. एकानं विचारलं, ‘मागं गिरण टाकली का वहिनी?’ मी म्हटलं, ‘हो, पीठ संध्याकाळी मिळेल.’ सवयीच्या गिऱ्हाइकांना मात्र कळायचं. ते स्वतःच म्हणायचे, चला, विजूताई पुलावर आल्या, म्हणजे सव्वाआठ झाले.

पुलावर आल्या की प्रश्न सुरू व्हायचे. ओढ्याला पाणी आहे का? चढावर सावली पडते का अजून? आणि माथ्यावर पोचल्या की, ‘जांभळीचं कसं काय?’ त्यांना वाटायचं, मी त्या बाजूला जाते-येते. निदान मला तसं वाटायचं की त्यांना तसं वाटतं. मी जात नव्हते. माझा माल येतो तो दुसऱ्या बाजूनं, माझं काम दुकानात आणि घरात. पळसदरीच्या रस्त्याला माझं काही नव्हतं. पण सकाळच्या गर्दीत ‘मला माहीत नाही, मी गेले नाही’ हे सांगण्यापेक्षा ‘हो, आहे’ म्हणणं लवकर उरकतं. म्हणून मी म्हणायची, हो, पाणी आहे. हो, सावली आहे. जांभळीला मोहोर आलाय, भरपूर आलाय. गोळ्यांच्या पट्ट्या मोजता मोजता मी ती जांभूळ दोन वर्षं फुलवली, वाळवली आणि पुन्हा पालवली. हे प्रेमानं केलं असं लिहिता आलं असतं. प्रेमानं नाही, घाईनं केलं.

यंदा जूनमध्ये चांगुणानं टोपलीभर जांभळं आणली. मी वाटी भरून आत नेली आणि म्हटलं, ‘घ्या, तुमच्या झाडाची.’ वन्सं पट्ट्यावरून उतरून घाम पुसत होत्या. एक तोंडात टाकलं, बी हातावर काढली, म्हणाल्या, ‘माझी जांभूळ जरा तुरट असते. यंदा गोड झाली म्हणायची.’ मी म्हटलं, ‘पाऊस चांगला झाला.’ त्यांनी वाटी संपवली. जीभ जांभळी झालीय का म्हणून मला दाखवली... साठी कधीच उलटलेली बाई.

गणपती गेल्यावर एकदा त्यांनी मागणं केलं. आमच्या घरात त्यांनी मागितलेली गोष्ट मला दुसरी आठवत नाही. म्हणाल्या, ‘अलका, एकदा सकाळी मला तिथवर ने. पळणार नाही. तुझा हात धरून चालेन.’ मी तेव्हा साठा तपासत होते. म्हटलं, ‘वन्सं, दिवाळी होऊ दे. आता पाऊसही आहे, गाड्याही आहेत.’ ‘दिवाळीनंतर नक्की?’ ‘नक्की. रविवारी जाऊ.’ त्यांनी परत विषय काढला नाही. दिवाळीनंतरचा पहिला रविवार आला, त्या दिवशी घरी पाहुणे होते. पुढचा रविवार यायच्या आत त्या गेल्या.

तर त्या १४ तारखेला मी टेप खरवडत होते तेव्हा शटर वाजलं. चांगुणा आली होती. दिवाळीच्या आधीपासून ती मुलीच्या बाळंतपणाला तिकडे नेरळच्या पलीकडे पोशीरला होती, तिला काहीच माहीत नव्हतं. पिशवीत रानातले कंद, करांदे, आणले होते. ‘वयनी, ताय कुटं? त्यांना उकडून द्या, आवडतात.’ मी तिला सांगितलं. अशा गोष्टी मी उभ्या उभ्या सांगते, त्यानं कमी लागतं असं मला वाटतं. ती पायरीवर बसली. बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग उठून मागच्या खोलीत आली, पूर्वी बसायची तशी ट्रेडमिलशेजारी भिंतीला टेकून जमिनीवर बसली. मी चहा केला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ‘आता ती जांभूळ तूच बघ गं. त्यांचा फार जीव होता.’

तिनं माझ्याकडे बघितलं. ‘कंची जांबूळ?’

‘चढावरची. हात लावून यायच्या ती.’

‘ती कवाच गेली वयनी. रस्ता मोठा केला तवा तोडली. दोन पावसाळं झालं. फांद्या आमीच नेल्या चुलीला.’

मी म्हटलं, वन्संना हे कळलं नाही, बरं झालं. तर चांगुणा म्हणाली, ‘त्यांना ठाव व्हतं. मीच सांगितलं, हितंच बसून. तोडली त्याच आठवड्यात.’

ट्रेडमिल आणल्याला तेव्हा दोन-चार महिनेच झाले असतील. म्हणजे मोहोर, जांभळं, गोड, तुरट... ते सगळं त्यानंतरचं. मी कप खाली ठेवला. विचारलं, ‘मग मला रोज का विचारायच्या?’

‘मी बी बोलले त्यांना. बोलले, ताय, झाड नाय ठाव हाय, तरी वयनीला कशापायी इचारताव? वयनी खोटं बोलते, तुमी आयकताव, काय ही गंमत.’ सांगू की नको असं तिच्या मनात चाललेलं मला दिसलं. ‘तर बोलल्या, तिला येळ नाय गं जायाला. काय तरी सांगते ना, तेवढंच बरं.’

चहा निवला. चांगुणानं करांदे टोपलीत ओतून दिले, खोकल्याचं औषध घेतलं आणि ती गेली. टेंपो आला, ट्रेडमिल बाहेर काढताना दाराच्या चौकटीचा टवका निघाला. नवरा म्हणाला, ‘खोली केवढी मोठी वाटतेय.’ रात्री करांदे उकडले. मला काही फार विचार करायची सवय नाही, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. जे झाड नाही हे त्यांना माहीत होतं तिथे त्यांना माझा हात धरून जायचं होतं. मला झाड दाखवायला नव्हे, ते उघडच आहे. मग कशाला? मी तिथे उभी राहून काय बोलते ते ऐकायला? की नुसतं एकदा दोघींनी खरं काय आहे ते बघून यावं म्हणून? की हे दोन्ही नाही आणि त्यांना फक्त बाहेर जायचं होतं, उन्हात, उतार असलेल्या रस्त्यावर? विचारायला आता कोणी नाही. आणि असतं तरी मी विचारलं असतं की पट्ट्याच मोजत बसले असते, हेही मला नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी चपला घालून निघाले. पळाले नाही. थंडी होती, शाल घ्यायला हवी होती. जायला मला तासभर लागला आणि चढावर दोनदा थांबले. आजूबाजूला कोणीही नसताना उगाच मोबाइल बघत असल्यासारखं केलं. माथ्यावर उजव्या हाताला सिमेंटचं नवं गटार आहे, त्याच्या पलीकडे प्लॉट विकायचा बोर्ड. नक्की कुठली जागा ते कळेना. खूण म्हणावी असं काही उरलेलं नाही, बुंधासुद्धा. एक डंपर गेला, धूळ उडाली. थोडा वेळ उभी राहिले आणि उतरायला लागले. उतारावर गुडघे दुखले.

परत आले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. दुकानासमोर दोघं ताटकळत उभे होते. त्यातला एक म्हणाला, ‘वहिनी, तुम्हाला उशीर? असं कधी होत नाही.’

‘पळसदरीच्या रस्त्याला गेले होते,’ मी म्हटलं.

‘तिकडे काय आहे?’

किल्ली कुलपात घालता घालता मी त्याला सांगितलं. ओढ्याला घोट्याएवढं पाणी आहे. चढ इथून वाटतो त्याहून उभा आहे. सावली कुठेच नाही. आणि वरची जांभूळ तोडली, दोन वर्षं झाली.

मग शटर वर केलं.